माफीचा साक्षीदार

१

'माफीचा साक्षीदार' हा आपल्या न्यायालयीन मराठीने घडवलेला एक अर्थगर्भ शब्दप्रयोग आहे. गुन्ह्यात जो स्वतः सामील होता आणि शिक्षेतून सूट मिळावी म्हणून जो आता आपल्याच साथीदारांविरुद्ध साक्ष देण्यास उभा राहतो, तो माफीचा साक्षीदार. त्याच्याइतके आतले कुणालाच ठाऊक नसते आणि त्याच्याइतका अविश्वसनीय माणूसही दुसरा नसतो. भारतीय पुराव्याच्या १८७२ च्या कायद्याने हा पेच दोन ठिकाणी नोंदवून ठेवला होता. कलम १३३ सांगत असे, की सहअपराधी हा सक्षम साक्षीदार आहे आणि केवळ त्याच्या साक्षीवर शिक्षा झाली एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही. कलम ११४ खालचे एक उदाहरण मात्र बजावत असे, की महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळाल्याखेरीज असा माणूस विश्वासास पात्र नाही, असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. या कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हर्जिनिया वुल्फचे चुलते. साहित्याच्या अभ्यासकांना हा योगायोग गमतीचा वाटेल. तो कायदा १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाला. पण त्याने मांडलेला पेच इतिहासजमा झालेला नाही. इतिहासकाराला तर तो रोजच भेटतो.

२६ मे २०२१ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांसमोर एका माणसाने सुमारे सात तास साक्ष दिली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा तो माजी मुख्य सल्लागार, डॉमिनिक कमिंग्ज. कोविडच्या साथीत सरकार कसे आणि कुठे फसले, हे त्याने सांगितले. त्या साक्षीला ब्रिटिश समाजाने दिलेला प्रतिसाद हा या लेखाचा विषय आहे. त्या प्रतिसादात एक विसंगती आहे असे तेव्हा अनेकांना वाटले: लोकांनी माणसावर विश्वास ठेवला नाही, पण त्याने सांगितलेल्यापैकी बरेचसे खरे मानले. ही विसंगती वरवरची होती आणि त्या प्रतिसादात एक जुने शहाणपण होते, असे मला वाटते. ते शहाणपण कोणते आणि ते कुठे अपुरे पडले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२

कमिंग्ज हे नाव तोवर ब्रिटनमध्ये घरोघर पोचले होते, आणि ते चांगल्या अर्थाने नव्हे. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या मोहिमेचा तो सूत्रधार होता. जुलै २०१९ मध्ये जॉन्सन पंतप्रधान झाले तेव्हा तो त्यांच्यासोबत डाउनिंग स्ट्रीटवर आला. पण सामान्य माणसाच्या मनात त्याची प्रतिमा कायमची ठरली ती एका मोटारप्रवासाने. २३ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी जाहीर झाली. ज्यांना लक्षणे दिसतील त्यांनी घरातच राहावे, असा आदेश होता. पत्नी आजारी पडली असताना आणि आपल्यालाही संसर्ग झाला असावा अशी शंका असताना कमिंग्ज पत्नी व लहान मुलाला घेऊन लंडनहून दूर उत्तरेकडे डरहॅमला, वडिलांच्या शेतावर गेला. पुढे १२ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, तो तिथून बार्नार्ड कासल या गावी मोटार चालवत गेला. २२ मे रोजी वृत्तपत्रांनी हे उघड केले. तीन दिवसांनी पंतप्रधान निवासाच्या बागेत टेबल मांडून त्याने पत्रकारांना खुलासा दिला. आजारानंतर डोळ्यांना नीट दिसते की नाही, लंडनपर्यंत गाडी चालवता येईल की नाही, हे पाहण्यासाठी आपण ती फेरी मारली, असे त्याने सांगितले.

हा खुलासा देशभर विनोदाचा विषय झाला. पण त्या हसण्यामागे चीड होती. त्याच आठवड्यांत हजारो लोकांना मरणाऱ्या आईबापांजवळ जाता आले नव्हते. अंत्यविधीला मोजकी माणसे उभी राहिली होती. आपण नियम पाळला आणि नियम करणाऱ्यांच्या दालनात बसणाऱ्याने तो पाळला नाही, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ऑगस्ट २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. त्या घटनेनंतर इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास कसा घसरला, हे त्यात आकडेवारीनिशी दाखवले होते. त्या घसरणीला त्यांनी 'कमिंग्ज परिणाम' असेच नाव दिले. सरकारवरचा विश्वास ढासळण्याला ज्याचे नाव दिले गेले, तोच माणूस सरकारविरुद्धचा प्रमुख साक्षीदार झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो पदावरून गेला आणि सहा महिन्यांनी समितीसमोर बसला.

३

साक्षीची सुरुवात त्याने क्षमायाचनेने केली. मंत्री, वरिष्ठ अधिकारी आणि आपल्यासारखे सल्लागार, सगळेच संकटकाळी जनतेला अपेक्षित असलेल्या पातळीच्या फार खाली राहिले. ज्यांचे आप्त गेले त्यांची आपण माफी मागतो, असा त्याचा आशय होता. मरायला नको होती अशी हजारो, दहा-दहा हजारांनी मोजावीत इतकी माणसे मेली, हे त्याने स्पष्टपणे म्हटले. त्या वेळी ब्रिटनमधील अधिकृत मृतांचा आकडा सव्वा लाखाच्या पुढे गेला होता.

त्यानंतरचे सात तास वृत्तपत्रांना मेजवानीच होती. १२ मार्च २०२० या एकाच दिवशी साथीवर निर्णय घ्यायचे असताना मध्यपूर्वेतील बाँबफेकीची चर्चा मध्ये आली, आणि पंतप्रधानांच्या वाग्दत्त वधूला आपल्या कुत्र्याविषयीच्या एका बातमीचा बंदोबस्त हवा होता. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांना खोटे बोलण्यासह पंधरा-वीस कारणांसाठी काढून टाकायला हवे होते. पंतप्रधानांचे मन किराणा दुकानातल्या, एका बाजूला ओढणाऱ्या ढकलगाडीसारखे कुठेही भरकटे. सीमा बंद करण्याचा विषय निघाला की ते 'जॉज' चित्रपटातल्या, शार्क असतानाही समुद्रकिनारा खुला ठेवणाऱ्या महापौराचा दाखला देत. हे सारे दुसऱ्या दिवशी ठळक मथळ्यांत आले. ते चटकदार होते, आणि सांगणाराही तसे सांगण्यात तरबेज होता. प्रचारमोहिमांत लक्षात राहील असे वाक्य घडवण्यातच त्याची हयात गेली होती.

साक्षीतला खरा ऐवज यापेक्षा बराच नीरस होता. ब्रिटनची साथयोजना मुळात फ्लूसाठी आखलेली होती. चाचण्यांची क्षमता नव्हती. ज्यांना धोका अधिक त्या वृद्धांना आणि आजाऱ्यांना जपण्याची तयार व्यवस्था नव्हती. मार्चच्या मध्यापर्यंत सरकारी यंत्रणेत असे गृहीत धरले जात होते, की साथ थोपवता येणार नाही; ती पसरून समूहात प्रतिकारशक्ती येईल, आपण फक्त तिचा वेग आवरायचा. हे गृहीतक चुकीचे आहे आणि त्या वाटेने रुग्णालये कोसळतील, हे लक्षात यायला आणि ते मोठ्याने म्हणायला मार्चचे मोलाचे दिवस गेले. तो स्वतःही याला अपवाद नव्हता. धोक्याची घंटा आपण आधी वाजवायला हवी होती, पण आपण चुकत असू या भीतीने वाजवली नाही, अशी कबुली त्याने दिली. योजना आणि तिच्यामागची आकडेमोड गुप्त ठेवल्यामुळे बाहेरच्या जाणकारांना ती तपासता आली नाही, ही चूक बंद दारांमुळे टिकली, हा त्याचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा होता. तो मथळ्यात फारसा आला नाही.

डरहॅमच्या प्रवासाचा विषयही निघालाच. कुटुंबाच्या सुरक्षिततेला असलेल्या धोक्यामुळे त्यांना लंडनबाहेर हलवायचे आधीच ठरत होते आणि वर्षभरापूर्वी बागेतल्या खुलाशात आपण पूर्ण सत्य सांगितले नव्हते, असे त्याने मान्य केले. डोळ्यांच्या गोष्टीबाबत मात्र तो ठाम राहिला. रचूनच सांगायचे असते तर याहून बरी गोष्ट रचली असती, असे तो म्हणाला. म्हणजे आज मी खरे बोलतो आहे हे पटवताना, काल मी अर्धेच बोललो होतो हे त्याला सांगावे लागले. माफीच्या साक्षीदाराची अडचण याहून नेमकी मांडता येणार नाही.

४

प्रतिसाद अनेक थरांतून आला. हुजूर पक्षाच्या समर्थकांनी सूडबुद्धीचा आरोप केला: हाकललेला नोकर मालकाची निंदा करणारच. विरोधकांची स्थिती अधिक अवघड होती. वर्षभर ज्याच्या हकालपट्टीची मागणी केली, त्याचेच शब्द आता हत्यार म्हणून उचलायचे होते. जॉन्सन म्हणाले, की या विधानांपैकी काहींचा वास्तवाशी संबंध नाही. हॅनकॉक यांनी दुसऱ्याच दिवशी संसदेत सांगितले, की हे आरोप निराधार आहेत. जनमत चाचण्यांत कमिंग्जवर विश्वास असल्याचे सांगणारे फार थोडे निघाले. ज्यांच्यावर त्याने आरोप केले त्यांची पतही त्याच्यापेक्षा बरी होती. तरीही सरकारने पहिली टाळेबंदी उशिरा लावली, हे मत लोकांमध्ये व्यापक होते. तेवढ्यासाठी त्यांना कमिंग्जची गरज नव्हती.

सर्वांत विचार करण्याजोगा प्रतिसाद मृतांच्या आप्तांचा होता. थेम्सच्या काठी, संसदेच्या अगदी समोरच्या भिंतीवर त्यांनी मार्च २०२१ पासून लाल बदाम रंगवायला सुरुवात केली होती. प्रत्येक मृतामागे एक. त्यांच्या संघटनेची मागणी जुनीच होती: कायद्याचे बळ असलेली सार्वजनिक चौकशी, आणि तीही लगेच. साक्षीच्या दोनच आठवडे आधी पंतप्रधानांनी ही चौकशी २०२२ च्या वसंतात सुरू होईल, असे सांगितले होते. साक्षीनंतर आप्तांनी म्हटले, की आता एवढे थांबण्याचे कारण उरलेले नाही. त्यांचे म्हणणे बारकाईने पाहावे. कमिंग्ज खरा की हॅनकॉक खरा, या वादात शिरण्यापेक्षा जिथे कागद मागवता येतील, शपथ घ्यावी लागेल आणि उलटतपासणी होईल अशी जागा त्यांना हवी होती. पुराव्याच्या कायद्यातली दुजोऱ्याची अटच ते आपल्या भाषेत मांडत होते.

ही अट कमिंग्जला लगेच नडली. आरोपांच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रे देण्याची अपेक्षा समित्यांनी व्यक्त केली होती. १० जून रोजी हॅनकॉक त्याच समित्यांसमोर आले, तेव्हा समितीच्या एका अध्यक्षाला सांगावे लागले, की असा पुरावा आपल्यापर्यंत पोचलेला नाही. खोटे बोलण्याचा आरोप त्यामुळे अधांतरी राहिला. पुढे त्याच महिन्याच्या शेवटी हॅनकॉक यांनी राजीनामा दिला, पण तो कार्यालयातील सहकारी स्त्रीसोबतच्या छायाचित्रामुळे, म्हणजे अंतराच्या नियमाच्या भंगामुळे. अनेकांनी त्यात कमिंग्जची सरशी पाहिली. ती सरशी नव्हती. एका आरोपाचा निकाल दुसऱ्याच प्रकरणात लागला, तर पहिला आरोप सिद्ध होत नाही.

५

नंतरच्या चार वर्षांत दुजोरा हळूहळू येत गेला, आणि तो कुठून आला हे पाहण्यासारखे आहे.

रुग्णालयांतून चाचणी न करता वृद्धांना पुन्हा वृद्धाश्रमांत पाठवले गेले, हा साक्षीतला एक गंभीर मुद्दा होता. चाचणी करूनच पाठवू असे आरोग्यमंत्र्यांनी आश्वासन दिले होते, असे कमिंग्ज म्हणाला. क्षमता आल्यावर करू एवढेच आपण म्हटले होते, असे मंत्र्यांचे म्हणणे. दोघांच्या आठवणींच्या या भांडणातून काही निष्पन्न झाले नसते. पण वृद्धाश्रमांत वडील गमावलेल्या दोन स्त्रिया न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मार्च-एप्रिल २०२० मधील त्या धोरणाचा महत्त्वाचा भाग बेकायदा ठरवला: लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग पसरू शकतो, हा धोका लक्षात घेतला गेला नव्हता. कोण काय म्हणाले, हा प्रश्नच न्यायालयापुढे नव्हता. कागदावर काय होते, एवढाच होता.

दुसरे उदाहरण १३ मार्च २०२० च्या संध्याकाळचे. मंत्रिमंडळ कार्यालयातील वरिष्ठ अधिकारी हेलन मॅकनमारा पंतप्रधानांच्या दालनात आल्या आणि आपल्याकडे काहीही योजना नाही, हजारो लोक मरणार आहेत, असे म्हणाल्या, ही हकीकत कमिंग्जने सांगितली होती. न्यायमूर्ती हीदर हॅलेट यांच्या सार्वजनिक चौकशीपुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतः मॅकनमारा यांनी तिला दुजोरा दिला. त्याच चौकशीत, त्याच आठवड्यात, कमिंग्जने याच स्त्रीविषयी सहकाऱ्यांना पाठवलेले अत्यंत शिवराळ संदेशही वाचून दाखवले गेले. त्याची हकीकत खरी ठरवणारी साक्ष अशा व्यक्तीकडून आली, जिला त्याच्याविषयी कणभरही ममत्व असण्याचे कारण नव्हते. दुजोऱ्याला वजन येते ते अशा ठिकाणी.

तिसरे उदाहरण गुंतागुंतीचे आहे. पुन्हा टाळेबंदी लावण्यापेक्षा प्रेतांचे ढीग पडलेले परवडतील, अशा अर्थाचे उद्गार पंतप्रधानांनी काढल्याचे आपण ३१ ऑक्टोबर २०२० रोजी ऐकले, असे कमिंग्जने सांगितले. जॉन्सन यांनी ते नाकारले. पुढे पंतप्रधानांचेच दुसरे निकटवर्ती लॉर्ड लिस्टर यांनी चौकशीला दिलेल्या निवेदनात हे उद्गार निघाल्याचे मान्य केले. मात्र त्यांच्या मते ते सप्टेंबरमध्ये निघाले. उद्गार जुळतात, महिना जुळत नाही. बखरी आणि अस्सल कागद ताडून पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाला हा प्रकार परिचयाचा आहे. साक्ष एकदम खरी किंवा एकदम खोटी ठरत नाही. ती तुकड्यातुकड्याने पारखावी लागते.

या पारखणीचा एक टप्पा संसदीय समित्यांच्या ऑक्टोबर २०२१ च्या अहवालाने गाठला. साथीच्या आरंभीची हाताळणी हे देशाच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या अपयशांपैकी एक, असे त्यांनी नोंदवले. लसीकरणाच्या मोहिमेचे कौतुकही केले. हॅलेट चौकशीचा राजकीय निर्णयांविषयीचा अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. सरकारने केले ते फार थोडे आणि फार उशिरा, हा त्याचा निष्कर्ष. टाळेबंदी एक आठवडा आधी लागली असती तर पहिल्या लाटेत इंग्लंडमधील सुमारे २३,००० मृत्यू टळले असते, असे गणिती प्रतिमानांच्या आधारे त्यात म्हटले आहे. आणखी लवकर पावले उचलली असती तर कदाचित टाळेबंदीच लागली नसती, असेही. सत्तेच्या केंद्रातील वातावरण विषारी आणि गोंधळाचे होते, असे अहवाल सांगतो, आणि ते तसे करण्यात कमिंग्जचाही हात होता, हे सांगायला विसरत नाही. साक्षीतला गाभा टिकला. साक्षीदाराची सुटका झाली नाही.

६

ज्या अपयशात आपण सामील होतो त्याची हकीकत सांगणारा कमिंग्ज हा पहिला नव्हे. त्याने ऑक्सफर्डमध्ये प्राचीन व अर्वाचीन इतिहासाचा अभ्यास केला होता. थ्युसिडिडीज त्याला अपरिचित असणे शक्य नाही. अथेन्समध्ये इसवी सनपूर्व ४३० मध्ये सुरू झालेल्या साथीचे वर्णन करणारा हा इतिहासकार स्वतः त्या साथीत आजारी पडला होता. पुढे सेनानी म्हणून तो अँफिपोलिस हे नगर वाचवू शकला नाही आणि वीस वर्षे हद्दपार राहिला. आपल्या ग्रंथात या अपयशाचा उल्लेख त्याने तृतीय पुरुषात, मोजक्या ओळींत केला आहे. सबब नाही, क्षमायाचनाही नाही. कमिंग्जच्या साक्षीत क्षमायाचना होती. पण ती मागून होताच तो कथेचा निवेदक झाला, आणि निवेदकाच्या उंचीवरून इतरांना मापू लागला. क्षमा मागणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या निवाड्याची वाट पाहावी लागते. तो तेवढा थांबला नाही.

साथ, सरकार आणि पुराव्याविना दिलेली साक्ष म्हटले, की मराठी वाचकाला लंडनमधलाच एक जुना प्रसंग आठवणे अपरिहार्य आहे. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी तिथे गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची जी पत्रे त्यांना आली, त्यांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात गंभीर आरोप केले. परतल्यावर पत्रलेखक पुढे यायला तयार नव्हते आणि त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना मान्य नव्हते. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि तिची बोच पुढे अनेक वर्षे सोसली. दोन्ही प्रसंगांची बरोबरी करता येत नाही. गोखले सत्तेबाहेरचे होते आणि दुसऱ्यांना वाचवण्यासाठी त्यांनी आपली पत खर्ची घातली. कमिंग्ज सत्तेच्या गाभ्यात होता. पण दुजोऱ्याची अट दोघांनाही सारखीच लागू झाली. ती आंधळी असते आणि प्रामाणिक माणसालाही सोडत नाही. म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. दुजोरा देणाऱ्यांना निर्भयपणे बोलता येईल अशी जागा समाजाने निर्माण केली नाही, तर ती अन्याय्य मात्र ठरते.

२०२१ च्या ब्रिटिश लोकमताचे शहाणपण आणि त्याचे अपुरेपण, दोन्ही इथे दिसतात. लोकांनी माणूस आणि त्याचे म्हणणे वेगळे ठेवले, हे शहाणपण. वृत्तपत्रांनी पुढे केलेला कुत्रा आणि ढकलगाडी त्यांच्याही लक्षात राहिली. बंद दारांचा मुद्दा विस्मरणात गेला, हे अपुरेपण. सत्ता निंदेला सहज पचवते, कारण निंदकाची पत काढता येते. तपासणीला तिला उत्तर द्यावे लागते, आणि तपासणीसाठी कागद उघडे लागतात. ब्रिटनमध्ये ते उघडले, त्याचे श्रेय सात तासांच्या साक्षीला थोडेच द्यावे लागेल. अधिक श्रेय त्या दोन मुलींना, शिव्या खाऊनही शपथेवर तेच सत्य सांगणाऱ्या अधिकारी स्त्रीला, आणि भिंतीवर बदाम रंगवत चौकशीची मागणी लावून धरणाऱ्या आप्तांना आहे. त्यांच्यापैकी कुणालाही माफी मागण्याचे कारण नव्हते.